गोड खाल्लं की उलटी : एएलडीओबी जनुक आणि फ्रुक्टोज न सोसणारी मुलं

उसाचा रस, गूळ, काकवी, तासगावचा बेदाणा, महाबळेश्वरचा मध आणि स्ट्रॉबेरी, साताऱ्याचे कंदी पेढे. सातारा-सांगलीकडं पाहुण्याचं स्वागत गोडानं आणि आजाऱ्याची विचारपूसही गोडानंच. अशा मुलखात एखादं मूल गोड तोंडात घातलं की थुंकून टाकतं. जबरदस्तीनं भरवलं तर थोड्या वेळात ओकतं, घामानं भिजतं, मलूल पडतं. घरात कुणी म्हणतं नखरे आहेत, कुणी म्हणतं जंत झालेत, कुणी मीठ-मोहरी ओवाळून टाकतं. बहुतेक मुलांत खरंच काळजीचं काही नसतं. पण मोजक्या मुलांत या नखऱ्यामागं एका जनुकातला दोष असतो, आणि ते थुंकणंच त्यांचं यकृत वाचवत असतं.

त्या जनुकाचं नाव एएलडीओबी. त्याच्या दोषानं होणाऱ्या आजाराला आनुवंशिक फ्रुक्टोज असहिष्णुता म्हणतात. डॉक्टर मंडळी थोडक्यात एचएफआय म्हणतात. युरोपातल्या अभ्यासांत साधारण २० ते ३० हजार जन्मांमागे असं एक मूल सापडतं. म्हणजे आजार दुर्मिळ आहे. तरीही तो सगळ्यांना ठाऊक असायला हवा, कारण ताटातून ठरावीक पदार्थ काढले की मूल इतरांसारखं वाढतं, शिकतं, संसार करतं. निदान हुकलं तर मात्र तेच मूल यकृत निकामी होऊन दगावू शकतं.

साखर पोटात गेल्यावर काय होतं

आपण जिला साखर म्हणतो तिचा प्रत्येक रेणू दोन तुकड्यांचा असतो : एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज. आतड्यात ते सुटे होतात. ग्लुकोज अंगभर जातो आणि प्रत्येक पेशी तो वापरते. फ्रुक्टोजची वाट वेगळी. त्याची विल्हेवाट मुख्यतः यकृतात, थोडी लहान आतड्यात आणि मूत्रपिंडात लागते.

तिथं तीन पायऱ्या असतात. पहिली, फ्रुक्टोकायनेज नावाचं विकर (एन्झाइम) फ्रुक्टोजला एक फॉस्फेट चिकटवतं आणि फ्रुक्टोज-१-फॉस्फेट तयार होतं. हे फॉस्फेट येतं एटीपीमधून, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या साठ्यातून. दुसरी पायरी अल्डोलेज बी या विकराची : ते फ्रुक्टोज-१-फॉस्फेटचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे करतं. तिसऱ्या पायरीत हे तुकडे ग्लुकोजच्या नेहमीच्या वाटेला लागतात. एएलडीओबी हे जनुक म्हणजे अल्डोलेज बी बनवण्याची कृती. ती बिघडली की दुसरी पायरी अडते.

पायरी अडली तर फ्रुक्टोज नुसता पडून राहील, लघवीवाटे जाईल, असं वाटू शकतं. तसं होत नाही, आणि आजाराची सगळी गोम इथंच आहे. पहिल्या पायरीवरचं फ्रुक्टोकायनेज अतिशय वेगानं काम करतं आणि पुढं काय तुंबलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. साखर कारखान्याची गव्हाण बंद पडलीय, पण काट्यावर वजनं करून ट्रॉल्या आत घेणं चालूच आहे, असं समजा. गाडीतळ भरतो. त्याहून वाईट म्हणजे एकही रिकामी ट्रॉली फडात परत जात नाही, त्यामुळं शिवारातली सगळी तोड थांबते. यकृताच्या पेशीत ही ट्रॉली म्हणजे फॉस्फेट. ते फ्रुक्टोजला बांधलं गेलं की पेशीला एटीपी पुन्हा बनवता येत नाही.

आता एकामागून एक गोष्टी बिघडतात. ऊर्जा संपल्यानं यकृताच्या पेशी सुजतात आणि मरतात. फॉस्फेट घटलं की एटीपीचे उरलेसुरले अवशेष मोडीत निघतात आणि त्यांचं युरिक ॲसिड होतं. ते रक्तात वाढतं. यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन फोडून ग्लुकोज सोडायला फॉस्फेट लागतं, ते नाही. शिवाय ते फोडणाऱ्या विकरालाच साठलेलं फ्रुक्टोज-१-फॉस्फेट अडवून धरतं. नवीन ग्लुकोज बनवायच्या वाटेवरही अल्डोलेज बीची गरज असते, तीही वाट बंद. परिणाम असा की साखर खाल्ल्यावर या मुलाच्या रक्तातली साखर घसरते. मधुमेहाची एवढी सवय झालेल्या आपल्या कानांना हे उलटं वाटतं, म्हणून पुन्हा सांगतो : साखर खाल्ली म्हणून रक्तातलं ग्लुकोज कमी होतं.

यातून निघणारी एक गोष्ट जीवावर बेतणारी आहे. मूल घामाघूम होऊन गळून पडलं की आपल्याकडं पहिला उपाय म्हणजे तोंडात चिमूटभर साखर किंवा गुळाचा खडा. मधुमेहाच्या रुग्णाला त्यानं तरतरी येते. या मुलाला मात्र तो खडा म्हणजे आगीत तेल. त्याला द्यायचं ते शुद्ध ग्लुकोज, तेही मूल शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तरच. नाहीतर दवाखान्यात शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच. साखर वाढवण्यासाठी एरवी दिलं जाणारं ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन इथं चालत नाही, कारण ते ज्या ग्लायकोजेनला हाक मारतं तेच कुलूपबंद असतं.

कधी दिसतं, कसं दिसतं

आईच्या दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. तिच्यात फ्रुक्टोज नसतो. म्हणून निव्वळ अंगावर पिणारं बाळ ठणठणीत असतं, वजन छान वाढतं. गडबड सुरू होते ती पहिलं बाहेरचं पोटात गेल्यावर. मधात उगाळलेली गुटी, तान्ह्याच्या जिभेला लावलेलं गुळपाणी, साखर घातलेलं वरचं दूध, सहाव्या महिन्यात उष्टावणाची खीर, फळाचा गर. वय जितकं कमी आणि गोड जितकं जास्त, तितका झटका मोठा.

चित्र साधारण असं : खाल्ल्यावर लगेच किंवा अर्ध्या-एक तासात उलट्या, पोटदुखी, अंग थरथरणं, घाम, फिकटपणा, झापड, साखर फारच घसरली तर झटके. गोड रोज पोटात जात राहिलं तर काही आठवड्यांत वजन थांबतं, यकृत वाढून पोट पुढं येतं, डोळे पिवळे होतात, सुई टोचल्या जागेतून रक्त थांबत नाही, अंगावर सूज येते. मूत्रपिंडाच्या नळ्याही बिघडतात आणि लघवीतून प्रथिनं, फॉस्फेट, बायकार्बोनेट वाहून जातं.

इथं आपल्या भागातली एक ठाम समजूत आड येते. कावीळ झाली की उसाचा रस, असा सल्ला गावात कुणीही देतं. साध्या काविळीत स्वच्छ रसानं फार बिघडत नसेल. पण एचएफआयच्या बाळाला कावीळ गोडानंच झालेली असते आणि वर त्याला रस पाजला जातो. हिशेब बघा. या आजारात वाढीच्या मुलानं दिवसाला वजनाच्या किलोमागं ४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्रुक्टोज घेऊ नये असं मानतात. तान्ह्यांत याहूनही कमी. १० किलोच्या बाळाला म्हणजे ४०० मिलिग्रॅम. २०० मिलिलिटर उसाच्या रसात साधारण २५ ते ३० ग्रॅम साखर, तिच्यातला निम्मा फ्रुक्टोज म्हणजे १३ ते १५ ग्रॅम. एका पेल्यात दिवसाच्या मर्यादेच्या तीसपटीहून जास्त. एका बेदाण्याचं वजन अर्धा ग्रॅम धरलं तर त्यात सुमारे दीडशे मिलिग्रॅम फ्रुक्टोज असतो. तिसरा बेदाणा तोंडात गेला की त्या बाळाचा दिवसाचा वाटा संपला. मधात तर फ्रुक्टोज सुटाच असतो, सुमारे ३८ टक्के. गूळ सेंद्रिय असो की काकवी घरच्या गुऱ्हाळातली असो, अल्डोलेज बीला त्यानं काही फरक पडत नाही.

जी मुलं बालपणातून निभावून जातात ती स्वतःच शिकतात. दोन-तीन वर्षांची झाली की गोडाचा वाससुद्धा नको म्हणतात. वाढदिवसाचा केक नको, पुरणपोळीचं पुरण काढून टाकतात, तिळगूळ हातात घेतात आणि दुसऱ्याला देतात. मोठेपणी त्यांच्या दातांना सहसा कीड नसते. गोड खाणाऱ्या घरात एकाच माणसाचे दात अगदी स्वच्छ आणि त्याला लहानपणापासून गोडाचा तिटकारा, ही जोडी दिसली तर दंतवैद्यानंही हा आजार मनात आणावा. लहानपणी कुणी ओळखलाच नाही असा एचएफआय प्रौढ वयात यकृतावरची चरबी म्हणून सापडल्याची उदाहरणं आहेत.

म्हणून आमचं स्पष्ट मत : गोड नाकारणाऱ्या लेकराच्या तोंडात बळंच घास कोंबू नये. आधी दोन आठवडे वहीत लिहा. काय खाल्लं, किती खाल्लं, किती वाजता, पुढच्या दोन तासांत काय झालं. ही वही डॉक्टरांना एखाद्या महागड्या तपासणीपेक्षा जास्त सांगून जाते. आधीच त्रास झालेला असेल तर मात्र वहीसाठी मुद्दाम गोड भरवू नका.

तपासण्या

मूल आजारी पडून दाखल झालंय आणि त्याच्या पोटात नुकतंच गोड गेलंय, अशा वेळी एक जुनी, स्वस्त तपासणी फार कामाची असते. ती तालुक्याच्या साध्या लॅबमध्येही होते. परीक्षानळीत ५ मिलिलिटर बेनेडिक्टचं निळं द्रावण घ्यायचं, त्यात ८ थेंब लघवी टाकायची आणि दोन मिनिटं उकळायचं. रंग हिरवा, पिवळा, नारिंगी किंवा विटकरी झाला तर लघवीत साखरेच्या जातीचं काहीतरी आहे. मग त्याच लघवीत ग्लुकोजची पट्टी बुडवायची. पट्टी फक्त ग्लुकोज ओळखते. बेनेडिक्ट रंगलंय आणि पट्टी कोरी आहे, याचा अर्थ लघवीतली साखर ग्लुकोज नाही. ती फ्रुक्टोज किंवा गॅलॅक्टोज (दुधातल्या लॅक्टोजचा एक तुकडा) असू शकते. दोन दिवस सलाईनवर असलेल्या मुलात ही तपासणी कोरी येईल आणि त्यावरून आजार नाही असं म्हणता येणार नाही. म्हणून लघवीचा पहिला नमुना फेकू नये.

गॅलॅक्टोसेमिया हा दुसरा आनुवंशिक आजार अगदी असाच दिसतो : कावीळ, उलट्या, रक्त न गोठणं. फरक वेळेचा. त्यात बाळ आईच्या दुधावरच, पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आजारी पडतं. अंगावर पिताना उत्तम आणि वरचं सुरू झाल्यावर ढासळलं, तर बोट एचएफआयकडं जातं. पहिल्या प्रकारचा टायरोसिनेमियाही यकृत आणि मूत्रपिंड असंच बिघडवतो. त्यासाठी लघवीतलं सक्सिनिलॲसिटोन तपासतात.

रक्तात बघायचं ते ग्लुकोज, फॉस्फेट, युरिक ॲसिड, लॅक्टेट, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढणारं विकर), बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याची वेळ. ग्लुकोज आणि फॉस्फेट खाली, युरिक ॲसिड आणि लॅक्टेट वर, असा चौकडा दिसला आणि आधी गोड खाल्ल्याचा इतिहास असला की वाट न बघता साखर बंद करावी. जनुकाचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं कारण नाही. साखर बंद केल्यावर उलट्या एक-दोन दिवसांत थांबतात, आणि हाही निदानाचा भक्कम पुरावा आहे.

एक तपासणी मात्र करू नये : मुलाला मुद्दाम फ्रुक्टोज पाजून काय होतं ते बघणं. पूर्वी दवाखान्यात शिरेतून फ्रुक्टोज देऊन अशी चाचणी करत. आज जनुक तपासता येत असताना तो धोका पत्करायची गरजच नाही. फ्रुक्टोज नीट न शोषला जाणं ही आतड्याची वेगळी, साधी तक्रार आहे. गॅस होतो, जुलाब होतात, यकृताला काही होत नाही. तिच्यासाठी फ्रुक्टोज पाजून श्वासातला हायड्रोजन मोजतात. एचएफआयची थोडी जरी शंका असेल तर ती श्वासचाचणीही नको.

जनुकाच्या तपासणीला जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त पुरतं. सातारा, कराड, मिरज, सांगली इथं नमुना घेतला तरी तो बहुधा पुण्या-मुंबईच्या किंवा आणखी लांबच्या प्रयोगशाळेत जातो आणि रिपोर्टला तीन-चार आठवडे लागतात.

रिपोर्टात काय लिहिलेलं असतं

एएलडीओबी हे ९ व्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर असतं. त्याचे ९ एक्झॉन (जनुकाचे कामाचे तुकडे; मधल्या भागांना इंट्रॉन म्हणतात) आहेत आणि त्यावरून ३६४ अमिनो आम्लांची साखळी बनते. अशा चार साखळ्या एकत्र आल्या की कामाचं अल्डोलेज बी तयार होतं. स्नायूंसाठी अल्डोलेज ए आणि मेंदूसाठी अल्डोलेज सी अशी वेगळी जनुकं आहेत, म्हणून या मुलांचे स्नायू आणि बुद्धी मुळात अगदी शाबूत असतात.

युरोपीय रुग्णांत सर्वांत जास्त सापडणारा बदल १५० व्या जागी आहे : ॲलनिन या अमिनो आम्लाच्या जागी प्रोलिन येतं. त्यानं चार साखळ्यांची मोट नीट टिकत नाही, सुटी होते. जुन्या लेखांत हाच बदल १४९ क्रमांकानं लिहिलेला असतो, कारण पूर्वी साखळीतलं पहिलं अमिनो आम्ल, मेथिओनिन, मोजत नसत. दोन रिपोर्टांत १४९ आणि १५० दिसलं म्हणून दोन वेगळे दोष समजू नका. भारतीय कुटुंबांत सी.३२४+१जी>ए हा बदल पुन्हा पुन्हा दिसला आहे. तो एक्झॉन संपून इंट्रॉन सुरू होतो त्या सांध्यावर आहे, त्यामुळं जनुकाचा निरोपच चुकीचा जोडला जातो. म्हणून फक्त युरोपातले दोन-तीन ठरलेले बदल तपासणारी चाचणी आपल्याकडं अपुरी पडते. अख्खं जनुक वाचून घ्यावं, आणि दोष एकच सापडला पण लक्षणं पक्की असतील तर जनुकाचा एखादा तुकडाच गहाळ आहे का हेही बघायला सांगावं.

आजार होण्यासाठी दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. रिपोर्टात होमोझायगस म्हणजे दोन्ही प्रतींत एकच दोष. कंपाउंड हेटेरोझायगस म्हणजे दोन प्रतींत दोन वेगळे दोष. दुसऱ्या प्रकारात आई-वडिलांचंही रक्त तपासावं लागतं. दोन्ही दोष एकाच प्रतीवर असतील तर दुसरी प्रत चांगली असते आणि मूल फक्त वाहक ठरतं. वाहक माणूस साखर पचवतो, त्याला पथ्य नाही. "अर्थ अनिश्चित" असा शेरा आला तर त्यावर पथ्य सुरू किंवा बंद करू नये, आनुवंशिकतज्ज्ञाला दाखवावं.

आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक, आणि आधीच्या मुलांवरून ती बदलत नाही. आपल्याकडं मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्नं होतात, म्हणून हा हिशेब नीट समजून घ्यावा. समजा आजी वाहक आहे. तिच्या मुलाकडं आणि मुलीकडं दोष जाण्याची शक्यता निम्मी-निम्मी, नातवंडांत पाव-पाव. आते-मामे भावंडांचं लग्न झालं तर दोघंही वाहक असण्याची शक्यता सोळात एक आणि त्यांचं मूल आजारी असण्याची चौसष्टात एक. नात्याबाहेरच्या लग्नात हीच शक्यता, युरोपातल्या आकड्यांवरून, साधारण हजारात एक इतकी उतरते, अगदी जोडप्यातला एक जण पक्का वाहक असला तरी सुमारे तीनशेंत एकच. हा कुणाच्या घराण्याला लावायचा बट्टा नव्हे. पुढच्या बाळाला पहिल्या दिवसापासून सुरक्षित ठेवण्यासाठी हे माहीत असावं लागतं. अशा घरात नवं बाळ जन्मलं की नाळेतलं रक्त तपासणीला पाठवायचं आणि रिपोर्ट येईपर्यंत फक्त आईचं दूध. मध नाही, गुटी नाही, बस्स.

१९५६ साली इंग्लंडमध्ये चेंबर्स आणि प्रॅट यांनी या आजाराचं पहिलं वर्णन केलं. अल्डोलेजचा दोष १९६१ साली कळला आणि १५० व्या जागेचा बदल १९८८ साली.

ताट

काढायच्या गोष्टी तीन : फ्रुक्टोज, साखर आणि सॉर्बिटॉल. तिसरी लोक विसरतात. सॉर्बिटॉल शरीरात गेल्यावर त्याचा फ्रुक्टोज होतो, म्हणून "शुगर फ्री" लिहिलेली मिठाई, च्युइंगम, चॉकलेट या मुलांसाठी साखरेइतकीच वाईट. मधुमेहींसाठीच्या काही पदार्थांत तर थेट फ्रुक्टोजच असतो. पाकिटावर बारीक अक्षरात आयएनएस क्रमांक, म्हणजे पदार्थात मिसळलेल्या घटकांचे सांकेतिक आकडे, असतात. ४२० म्हणजे सॉर्बिटॉल, ९५३ आयसोमाल्ट, ९६५ माल्टिटॉल. हे दिसले की पाकीट परत ठेवायचं. इन्व्हर्ट सिरप, कॉर्न सिरप, फळाचा अर्क, मध, माल्टिटॉल सिरप हे शब्दही शोधायचे. टूथपेस्टमध्ये बहुधा सॉर्बिटॉल भरपूर असतं. लहान मूल ती गिळतं, म्हणून बिनसॉर्बिटॉलची शोधावी किंवा नुसत्या ब्रशनं दात घासावेत.

चालतं ते बरंच आहे : पांढरा भात, दूध, साधं दही, ताक, चक्का, पनीर, तूप, तेल, अंडी, मासे, चिकन, मटण. शुद्ध ग्लुकोज आणि लॅक्टोज चालतात. मेथी, पालक यांसारख्या पालेभाज्या आणि मशरूम चालतात. बटाटा ताजा असेल तर मापात. थंडीत बरेच दिवस साठवलेल्या बटाट्यात साखर वाढते. गाजर, बीट, रताळं, लाल भोपळा, मटार, कांदा, टोमॅटो यांत साखर किंवा फ्रुक्टोज लक्षात येण्याइतका असतो. फळं सगळीच बंद. गव्हाच्या कोंड्यात आणि अंकुरात थोडी साखर असते, डाळी आणि शेंगदाण्यांतही असते. तान्ह्याला ती जाणवू शकते, मोठ्या मुलाला बहुधा सोसते. ही मापं आहारतज्ज्ञाकडून मुलाच्या वजनाप्रमाणे ठरवून घ्यावीत. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून दिलं की साखर कमी होते.

फसगत होते ती तिखट पदार्थांत. आमटीत गुळाचा खडा, चिंचेच्या चटणीत गूळ, बाजारच्या लोणच्यात आणि सॉसमध्ये साखर, पाव-टोस्ट-खारीत साखर, कित्येकांच्या भडंगात पिठीसाखरेची चिमूट. घरात मुलाची आमटी गूळ घालण्याआधी काढून ठेवावी आणि पळी वेगळी ठेवावी. अंगणवाडीतलं गोड पाकीट, शाळेतली चिक्की, देवळातलं पंचामृत आणि प्रसादाचा शिरा याबद्दल ताईंना, गुरुजींना, पुजाऱ्यांना आधी सांगून ठेवावं. प्रसाद म्हणून दहीभात किंवा नुसतं दूध ठेवलं तर कुणाचंच मन मोडत नाही.

फळं गेली की क जीवनसत्त्व आणि फॉलिक ॲसिड जातं. ते गोळीनं द्यावंच लागतं, पण संत्र्याच्या चवीची चघळायची गोळी नको. तिच्यात बहुधा साखर असते.

थोड्या-थोड्या गोडानं लगेच उलटी होत नाही म्हणून पथ्य ढिलं करू नये. दिवसाला किलोमागं १३० ते १६० मिलिग्रॅम फ्रुक्टोज घेणाऱ्या मुलांना उलट्या नव्हत्या, पण त्यांची उंची खुंटली होती. ४० मिलिग्रॅमच्या आत आल्यावर ती वाढली. १० किलोच्या बाळासाठी किलोमागं १३० मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला जेमतेम अर्धा चमचा साखर. पथ्य काटेकोर असूनही यकृतावरची चरबी काही मुलांत वर्षानुवर्षं राहते. म्हणून दर सहा महिन्यांनी उंची-वजन, एसजीपीटी आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी चालू ठेवावी.

औषधं आणि दवाखाना

तापाचं, खोकल्याचं, अँटिबायोटिकचं सिरप साखरेच्या किंवा सॉर्बिटॉलच्या पाकात बनतं. दाट पाक असेल तर ५ मिलिलिटरच्या एका डोसात तीन ग्रॅमपर्यंत साखर जाऊ शकते. तिच्यातला फ्रुक्टोज दीड ग्रॅम, म्हणजे त्या १० किलोच्या बाळाच्या मर्यादेच्या जवळपास चौपट, तीही दिवसातून तीनदा. आधीच तापानं आजारी मूल औषधानंच जास्त बिघडतं आणि दोष आजारावर जातो. मिळत असेल तर साधी गोळी कुटून पाण्यात द्यावी किंवा गुदद्वारातून द्यायची वडी वापरावी. अंगणवाडीतून येणारं लोहाचं सिरपही विचारल्याशिवाय नको. तोंडावाटे द्यायच्या रोटाव्हायरस लशींत साखर असते आणि ती दीड, अडीच व साडेतीन महिन्यांना देतात. घरात आधीचं मूल एचएफआयचं असेल तर ही गोष्ट लस देण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घालावी. बाकीच्या लशी चुकवू नयेत.

जुलाब लागले तर घरचं मीठ-साखर-पाणी देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या ओआरएस पावडरीत लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, साखर नसते, ती चालते. चवीच्या तयार डब्यांत मात्र साखर किंवा दुसरा गोडवा असू शकतो. ग्लुकोज पावडरीचंही तेच : साधी घ्यावी, संत्र्या-लिंबाच्या चवीची नको.

दाखल व्हायची वेळ आली तर सलाईन डेक्स्ट्रोजचं चालतं. फ्रुक्टोज किंवा सॉर्बिटॉल असलेलं काहीही शिरेतून जाता कामा नये. युरोपात एकेकाळी ऑपरेशननंतर अशी सलाईनं सर्रास देत, आणि आजार माहीत नसलेल्या रुग्णांचे त्यात जीव गेले. काही इम्युनोग्लोब्युलिनच्या बाटल्यांत सॉर्बिटॉल असतं; बेशुद्ध रुग्ण किंवा तान्हं मूल "मला गोड सोसत नाही" असं सांगू शकत नाही. म्हणून एक कार्ड करून घ्यावं, मराठीत आणि इंग्रजीत. त्यावर मुलाचं नाव, आजाराचं पूर्ण नाव, "साखर, फ्रुक्टोज, सॉर्बिटॉल तोंडानं किंवा शिरेतून देऊ नये", "डेक्स्ट्रोज द्यावं, ग्लुकॅगॉनवर विसंबू नये" आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा फोन. एक प्रत दप्तरात, एक शाळेत, एक फॅमिली डॉक्टरांकडं आणि एक नेहमीच्या मेडिकल दुकानात ठेवावी. दुकानदारानं सिरप बदलून दिलं तर दर वेळी बाटलीवरचे घटक नव्यानं वाचावेत. कंपनी बदलली की पाकही बदलतो.